कान

उखर्डू मिस्तरीनं फ्रेम उलटी टांगली,
मागच्या दोन फाकांत बोट घालून पाहिलं.
"याले कान नही," म्हणाला,
"डिरेलर टांगू कशाले?"

आणि एकदम गप्प झाला.
भुसावळात हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही.
तीस वर्षं लोको शेडात काढलेला माणूस,
भोंगा वाजला की भरलं ताट सोडून
क्रेनच्या गाडीत चढलेला.
रुळावरून उतरणं म्हणजे काय
हे त्याला मी सांगायचं?

सांगितलं तरी.
की इथं साखळी मुद्दाम उतरवायची असते,
एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर,
चालत्या गाडीत, कुणाला खरचटू न देता.
तो हसला. "मंग तं हा सांधेवाला झाला.
तुह्या बापासारखा."

बाबा केबिनात लिव्हर ओढताना हातात फडकं धरत.
घामानं लोखंड गंजतं, म्हणत.

ही सायकल आली तेव्हा मी चौदाची.
पुण्याच्या सिमेंटच्या ट्रॅकवर
डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडेच.
ब्रेक नाही, गिअर नाही, पाय थांबवायची सोय नाही.
चाक फिरतं तोवर पॅडल फिरतं,
पॅडल फिरतं तोवर आपण.
रेल्वेच्या भरतीत अकरा शतांश सेकंदांनी राहिले.
मग ती क्वार्टरच्या भिंतीला, खिळ्यावर,
आणि तिच्या दांडीवर आईची
पापड वाळवायची धुतलेली धोतरं.

"जायाचं कुठी?"
"पालला. वर सातपुड्यात."
"बस जाते ना."
"जाते."

त्यानं पुढं विचारलं नाही.
भंगारातल्या एका गिअरवाल्या सायकलीचा कान
करवतीनं कापला, कानशीनं घासला,
टाकणखार भुरभुरला, पितळेची कांडी धरली.
पोलाद जांभळं झालं, मग विटकरी,
आणि पितळ आपणहून फटीत शिरलं,
ठिबकचं पाणी केळीच्या बुडाशी शिरतं तसं.

नवं चाक सहा मिलिमीटर रुंद.
आट्यांची सळई फाकांमध्ये अडकवून
अर्धा अर्धा आटा तो नट फिरवत गेला.
फ्रेम कण्हली. मी समोरच्या रसवंतीकडे बघत राहिले.
नंतर सुतळी: मागच्या एका टोकापासून
मानेला वळसा, परत दुसऱ्या टोकाला.
पट्टी लावली. डावी बाजू केसभर जास्त.
"डावीकडं वळून वळून," तो म्हणाला.
तसं होत नसतं.
मी मान हलवली.

वायर धरायला गॅसच्या नळीच्या क्लिपा.
पुढच्या चिमट्याला भोक पाडून ब्रेक.
"फाका मांगं उघडता, पंक्चर झालं तं हात काळे व्हतीन,"
एवढीच त्याची गॅरंटी.
तीनशे चाळीस रुपये, आणि बाकीचं भंगार त्याचं.

रविवारी तापीचा पूल ओलांडला तेव्हा अंधार होता.
फैजपूरला केळीच्या ट्रकांमागून वाट काढली.
खिरोद्यानंतर रस्ता उठतो.
लिव्हर ओढला.
खट्.
खाली कुणीतरी सांधा बदलला,
आणि चढ माझ्या पायांच्या मापाचा झाला.
कुठंही डावीकडे वळायची सक्ती नव्हती.
साग, साग, मध्येच एक पळस,
सरपणाची मोळी घेतलेली एक बाई
जी माझ्या बरोबरीनं चालत होती
आणि वळणावर पुढं गेली.

उतरताना मी विसरलेच.
पाय फिरवत राहिले, फिरवत राहिले,
पॅडल पोकळ लागत होतं.
मग भीत भीत थांबवले.
पॅडल उसळून पोटरीला मारेल म्हणून दात आवळले.
टिक टिक टिक टिक, एवढंच.
पाय उभे, आणि मी चाललेली.
चौदाव्या वर्षापासून पहिल्यांदा.

चौथ्या चकतीवर अजून कुरकुरते.
शनिवारी नेईन उखर्डूकडे.